अर्ध्या तासाची बरणी

टाकीमामा दमले होते. रात्री झोपून सकाळी उतरेल असलं ते दमणं नव्हतं. बावीस वर्षं एकाच कुंपणात उभं राहून सगळ्या गावाची घाण निवळत बसलं, की हाडांत मुरतं ना, तसलं दमणं.

गावात घरं एकशे साठ. एकशे साठ मोऱ्या, तेवढेच संडास, आणि त्यांचं सगळं सांडपाणी उतारावरून गावाबाहेर मामांच्या कुंपणात यायचं. तिथे आधी एक लोखंडी जाळी. त्या जाळीत काय अडकेल त्याचा नेम नाही. चिंध्या, कंगवे, बाहुलीचं मुंडकं, एकदा तर चक्क कवळी. कवळी कुणाची ते मामांना लगेच कळलं, कारण त्या आठवड्यात गावात एकच माणूस तोंड मिटून हिंडत होता. मामांनी ती स्वच्छ धुतली, कागदात गुंडाळली, भल्या पहाटे त्याच्या उंबऱ्यावर ठेवली आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

जाळीच्या पुढे हवेची टाकी. तळाला नळ्या, नळ्यांतून हवा, आणि ती हवा सोडणारी मोटर चोवीस तास घुमत असायची. या टाकीत जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे, घाण खाऊन जगणारे. हवा मिळाली की ते खातात, खाऊन जड होतात, पुढच्या टाकीत गाळ होऊन तळाला बसतात, आणि वरचं निवळ पाणी ओढ्याला जातं. एवढं साधं शास्त्र! पण बावीस वर्षांत ते गावातल्या एकाला समजलं असेल तर शपथ. गावाचा समज असा, की टाकीत घाण असते आणि मामा ती ढवळतात. पगारी माणूस आहे, ढवळू दे बापडा.

रोज सकाळी नऊला मामा टाकीतलं पाणी काचेच्या उंच बरणीत घ्यायचे आणि घड्याळ लावून अर्धा तास तिच्यासमोर बसायचे. बरणीवर खालून वर आकडे कोरलेले. अर्ध्या तासात तपकिरी गाळ तीनशेच्या रेघेपर्यंत खाली बसला आणि वर पाणी नितळ राहिलं, की टाकी ठणठणीत. मग मामा बरणी नाकाशी न्यायचे. जित्या टाकीला दुर्गंधी नसते, हे ऐकून लोक हसतात, पण खरं आहे. कुंडीतली माती उकरल्यावर येतो तसा वास येतो तिला.

"टाकीला मातीचा वास आला की समजायचं, पोरं जिवंत आहेत," असं ते घरी येऊन बायकोला सांगायचे. रोज सांगायचे.

बायको, म्हणजे गावाची मामी, म्हणायची, "पोरं तिकडेच ठेवा. कपडे मागच्या दारात काढा, आंघोळ करा आणि मगच घरात पाऊल टाका." बावीस वर्षांत मामा पुढच्या दाराने कधी घरात शिरले नाहीत. स्वतःच्या घरात चोरासारखं मागून यायचं, थंडीत कुडकुडत अंगणात उभं राहायचं, दोनदा साबण लावायचा, आणि तरी जेवताना मामी नाक उडवायचीच. तिचंही काय चुकलं म्हणा. लग्न केलं तेव्हा नवरा सायकली दुरुस्त करत होता.

त्यांना एकच लेक. पाच तासांवरच्या शहरात दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मामा जाणार होते, पण नेमकी आदल्या दिवशी मोटर जळली. मामा पोहोचले ते अकरा दिवसांनी. लेक काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मामांना चार वर्षं वाटत होतं. ती नात आता चार वर्षांची, आजोबांना "वासाचे आजोबा" म्हणायची. पोर ते, दिसेल ते म्हणणार. मामा सगळ्यांबरोबर हसायचे आणि तिच्यापासून जरा लांबच बसायचे.

आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशनची शक्यता सांगितलेली, जावई कामापायी दूर, आणि नातीला सांभाळायला घरात कुणी नाही. "आई दवाखान्यात माझ्याजवळ राहील," लेक फोनवर म्हणाली होती, "पण बाबा, छोटीपाशी तुम्ही हवेत. या वेळी तरी या." ते 'या वेळी तरी' मामांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

सुदैवाने तारीख जुळली. महिनाअखेर मामा निवृत्त, दुसऱ्या दिवशी सकाळची बस, आणि त्यानंतर आठवडाभराने लेकीची तारीख. जागेवर नवी बाई रुजूही झाली होती. वय असेल अठ्ठावीस, प्रशिक्षण घेतलेली, वहीत सगळं सुवाच्य लिहिणारी. गाव तिला 'नवी' म्हणू लागलं होतं. पोरगी चांगली होती. फक्त बरणीचा वास घ्यायची वेळ आली की श्वास रोखायची, आणि मामा म्हणायचे, "अगं, नाक बंद करून स्वयंपाक चाखतेस होय?"

शेवटच्या दिवशी टाकीपाशीच निरोपाचा कार्यक्रम ठरला. अकराची वेळ. गावाने खुर्च्या मांडल्या, कुंपणाला फुगे बांधले. मामा नऊला आपल्या शेवटच्या बरणीसाठी आले, आणि फाटकातच थबकले.

वास नव्हता.

म्हणजे मातीचा नव्हता. नुकत्याच पुसलेल्या दवाखान्याचा येतो तसा, घसा खवखवणारा वास होता. नवी हसतमुखाने पुढे आली. "मामा, आज किती स्वच्छ वाटतंय ना?"

मामा उत्तर न देता टाकीच्या कठड्याशी गेले. वर पांढराशुभ्र फेस, साबणाच्या पाण्यावर यावा तसा. खालचं पाणी तपकिरी नव्हतं, करडं होतं. त्यांनी बरणी भरली, घड्याळ लावलं आणि स्टुलावर बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एरवी दहा मिनिटांत गाळ आणि पाणी अशी सरळ फारकत दिसायची. आज बरणी वरपासून खालपर्यंत सारखीच गढूळ. अर्धा तास झाला. तळाला चिमूटभर करडा चुरा.

"मामा?" नवी हळूच म्हणाली. तिने पुस्तकात वाचलेलं असणार, तिचाही चेहरा उतरला. "मेली?"

"मेली," मामा म्हणाले. "कुणीतरी विष घातलं."

एवढ्यात माणसं यायला लागली. मामांना कुणीतरी धरून पहिल्या खुर्चीवर बसवलं. मामी नवं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत, शेजारणींच्या मध्ये, आणि तिच्या चेहऱ्यावर आज काही वेगळंच तेज. गावसमितीचे अध्यक्ष उठले. बोलायला उभे राहिले की बसायचं विसरणारा माणूस. त्यांनी आधी मामांच्या सेवेचं कौतुक केलं, मग स्वतःच्या कारकिर्दीचं केलं, आणि मग एकदम हात पसरून विचारलं, "मंडळी, एक खोल श्वास घ्या. घेतलात? आता सांगा, वास आहे का?"

"नाही!" गाव ओरडलं.

"का नाही?" अध्यक्ष खुशीत आले. "कारण बावीस वर्षं या माणसाने आपला वास सोसला, निदान एक दिवस तरी त्याला स्वच्छ हवेत खुर्ची मिळावी! ही कल्पना कुणाची? आमच्या मामींची! गेले आठ दिवस ही बाई घरोघर फिरली. प्रत्येक घरी ब्लीचच्या दोन दोन बाटल्या, आणि आज सकाळी आठच्या ठोक्याला, एकही घर न चुकता, सगळ्यांनी एकदम मोरीत ओतल्या. मामांना पत्ता लागू दिला नाही, हं! सगळी गटारं आरशासारखी झाली. टाळ्या!"

काय टाळ्या पडल्या! मामांनी मागे वळून पाहिलं. मामी पदराआड हसत होती, नव्या नवरीसारखी लाजली होती. तीनशे वीस बाटल्या. एखाद्या दुसऱ्या घराने ओतल्या असत्या तर टाकीने पचवल्या असत्या. दिवसभरात मागेपुढे ओतल्या असत्या, तरी कदाचित निभावलं असतं. पण आठच्या ठोक्याला! गावाने आजवर कुठलंही काम वेळेवर, एकजुटीने केलं नव्हतं. केलं ते नेमकं हे.

नवी मामांच्या खुर्चीमागे उभी होती. तिचं तोंड उघडलेलं. मामांनी न वळता हात मागे नेला आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"मामा, दोन शब्द बोला!" लोक म्हणाले.

मामा उठले. बोलायला पुष्कळ होतं. अरे, किती वेळा सांगितलं तुम्हाला, काय ओतता ते बघून ओता; फलक लावला, तर त्यावर चड्ड्या वाळत घातल्यात. हे सगळं ओठांवर आलं. पण समोर मामी होती. जिने आयुष्यभर या जागेचं तोंड पाहिलं नाही, ती आज पहिल्यांदा फाटकाच्या आत आली होती, आणि तेही त्यांच्यासाठी.

"तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत," मामा म्हणाले. पुढे आवाज फुटेना. लोकांना वाटलं, गहिवरले. दोघीतिघींनी डोळे पुसले.

खुर्च्या उचलून गाव पांगलं तेव्हा नवी आडवी आली. "मामा, सांगायला हवं. उद्या पुन्हा कुणी ओतलं तर?"

"सांगायचं. महिनाभराने सांगायचं, पुस्तकातला नियम म्हणून. आज नाही."

"आणि वहीत काय लिहू? कारणाचा रकाना आहे."

मामांनी वही ओढून घेतली. बावीस वर्षांच्या वह्यांत एक खाडाखोड नव्हती, की एक खोटा आकडा नव्हता. त्यांनी तारीख लिहिली, 'टाकी मृत' असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कळले नाही'.

"तुम्ही उद्या जा, मामा," नवी म्हणाली. "मी बघते. शेजारच्या गावाच्या टाकीतून जिवंत गाळ आणून घालायचा, हवा द्यायची, हळूहळू वाढवायचा. येतं मला."

"काय येतं? वास येतो?"

ती खाली बघायला लागली. मामांना आपल्या बोलण्याची लाज वाटली. खरं तर तिला सगळं येत होतं, फक्त एकदाही केलेलं नव्हतं. चुकली तर महिना-दोन महिने घाण तशीच ओढ्यात जाणार. आणि ओढ्याच्या काठी खालची वस्ती. पोरं त्यात डुंबायची, बायका कपडे धुवायच्या. गावाने पाणी सोडायचं आणि वस्तीने झेलायचं, हे तिथल्या लोकांनी या टाकीच्या आणि या मामांच्या भरवशावर चालवून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी विष घातलं असतं तर मामा कदाचित बसमध्ये बसलेही असते. पण हे घरचं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची?

दुपारी ते सायकल मारत खालच्या वस्तीवर गेले, घरोघर सांगून आले की काही दिवस ओढ्यात उतरू नका, टाकी आजारी आहे. अध्यक्षांनाही तेवढंच सांगितलं. संध्याकाळी घरी आले, सवयीने मागच्या दारी गेले, दोनदा साबण लावला. आत दोन पेट्या बांधून तयार. वरच्या पेटीवर छोटीसाठी विणलेली टोपी.

"अगं," मामा म्हणाले, "तू उद्या जा पुढे. मी येतो मागाहून. टाकी बिघडली."

मामीच्या हातातली दोरी तशीच राहिली. "काय म्हणालात?"

"बिघडली. अचानक."

"अचानक! तिला बरी माझ्या लेकीची तारीख कळते! मागल्या खेपेला मोटर, या खेपेला टाकी. अहो, ती नवी कशाला आणलीय मग, पूजेला बसवायला? पोरीचं पोट फाडायचं म्हणतायत डॉक्टर. ती चार वर्षांची पोर कुणाच्या गळ्यात घालू मी?"

"तुझ्या जाऊबाईंना विचारू. चार दिवस येतील त्या."

"जाऊबाई!" मामी ओरडली. "आजोबा जिवंत असताना जाऊबाई! लग्न माझ्याशी कशाला केलंत, त्या टाकीशीच करायचं होतं. खरं सांगा, काय बिघडलंय एवढं?"

मामांनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य टाकलं असतं तर मामीचा राग जागीच विझला असता, आणि त्याबरोबर तिच्या चेहऱ्यावरचं सकाळचं ते तेजही विझलं असतं. पुढे जन्मभर गावात कुणीही हसून म्हटलं असतं, मामी, पुन्हा केव्हा वाटताय बाटल्या? आणि ती बाळंतिणीच्या उशाशी बसून हेच उगाळत राहिली असती. मामांनी तोंड मिटलं.

"कळलं नाही अजून," ते म्हणाले.

सकाळी मामी दोन्ही पेट्या घेऊन बसमध्ये बसली, जाऊबाई शेजारी. मामा खिडकीखाली उभे राहिले. मामीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग सुरू झालं तेच जुनं रामायण, पण बावीस वर्षांपूर्वी हात तरुण होते. मेलेला गाळ उपसून टाकायचा. शेजारच्या गावाहून टँकरने जिवंत गाळ आणायचा, तोही तिथल्या माणसाच्या विनवण्या करून. तो टाकीत सोडायचा, आणि गावाचं पाणी एकदम न घेता बाजूच्या खड्ड्यात अडवून, लहान पोराला भरवावं तसं थोडं थोडं द्यायचं. मामांच्या गुडघ्यांनी तिसऱ्या दिवशी संप पुकारला. नवी फावडं हिसकावून घ्यायची आणि मामा स्टुलावर बसून तिला शिव्या घालायचे, "अगं हळू, काय विहीर खणतेस का!" बरणीत पहिल्या दिवशी चाळीसची रेघ. चौथ्या दिवशी साठ. सहाव्या दिवशी पुन्हा चाळीस, आणि त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मामीचा फोन यायचा तो जाऊबाईंकडून. लेक बरी आहे, छोटी रडते, बाकी ठीक. नवव्या दिवशी ऐंशी. अकराव्या दिवशी नवीने बरणी भरली, श्वास न रोखता नाकाशी नेली आणि म्हणाली, "मामा, अजून नाही." मामांना तेवढ्यावरही बरं वाटलं.

बाराव्या दिवशी, बरणी लावून पंचवीस मिनिटं झाली होती, तेव्हा फोन वाजला. खुद्द मामी.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं. दोघी सुखरूप आहेत."

"बरं झालं. फार बरं झालं. कशी आहे?"

"नाक तुमचं घेतलंय. बिचारी."

मामांना वाटलं, ठेवला फोन. पण ठेवला नव्हता, श्वास ऐकू येत होता.

"अहो," मामी म्हणाली. आवाज बदललेला. "इथे आयाबाई फरशी पुसत होती. तीच बाटली, तसलंच निळं झाकण. मी म्हटलं, वास छान घालवतं हो हे. तर ती म्हणाली, वास काय मावशी, हे ओतलं की एक जंतू जिवंत राहत नाही."

"बावीस वर्षं तुम्ही रोज जंतू जंतू करत घरी आलात. मी कधी कान दिला नाही. मी घरोघर फिरले हो. एकेकीला बजावून सांगितलं, आठच्या ठोक्यालाच ओता."

"छे गं," मामा म्हणाले. "तुझ्या बाटल्यांनी काय होतंय? जुनी झाली होती टाकी. आज ना उद्या व्हायचंच होतं."

"ती कवळीसुद्धा अशीच ठेवून आला होतात," मामी म्हणाली. "मला काय माहीत नव्हतं? मागच्या दारात मीच बघितलं होतं तुम्हाला धुताना." तिला हुंदका आला, तो तिने गिळला. "लेकीला सांगितलंय मी सगळं. बाबा आले नाहीत ते माझ्यामुळे, म्हटलं. या खेपेला तरी खरं कारण कळू दे तिला."

मामांनी डोळे पुसायला हात उचलला, हाताला गाळ होता, तसाच खाली घेतला. समोर अर्धा तास भरला होता. नवी गुडघ्यांवर बसून रेघ बघत होती. तिने दोन बोटं वर केली. दोनशे. वरचं पाणी नितळ, पलीकडचं तिचं नाक दिसत होतं.

"अहो," मामीने विचारलं, "वास यायला लागला का?"

नवीने बरणी पुढे केली. मामांनी ती नाकाशी नेली. पुसट होता, पण होता. कुंडीतली माती उकरल्यासारखा.

"येतोय," मामा म्हणाले. "आजच."

"मातीचा?"

"मातीचा."

पलीकडे मामी रडायला लागली. जन्मभर ज्या वासाने नाक उडवलं, तो आला म्हणून बाई ढसाढसा रडत होती. नवीने मामांच्या हातातून बरणी काढून घेतली आणि फाटकाकडे बोट दाखवलं, जा म्हणून.

"दुपारची बस आहे का?" मामीने विचारलं.

"आहे. पण आंघोळ करून, कपडे बदलून निघेपर्यंत..."

"काही बदलत बसू नका," मामी म्हणाली. "आहात तसे या."